शतकाची चूक म्हणजे नक्की कुणाची?

गेल्या पावसाळ्यात एका वाचनालयात गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयावर, चर्चा ठेवली होती. पहिल्या वक्त्याने अडीचशे वर्षांतले अत्याचार एकामागून एक सांगितले आणि शेवटी सगळे एका अख्ख्या धर्माच्या माथी मारून तो खाली बसला. मग दुसरे गृहस्थ उठले. वयस्कर, अभ्यासू, आवाज शांत. ‘माणूस आपल्या काळाचे अपत्य असतो,’ ते म्हणाले, ‘सोळाव्या शतकाला एकविसाव्या शतकाची फूटपट्टी लावणे हा अन्याय आहे.’ सभागृहात माना डोलल्या आणि वादावर पडदा पडला. हे वाक्य मी सतीबद्दल ऐकले आहे, अस्पृश्यतेबद्दल ऐकले आहे, गुलामगिरीबद्दल ऐकले आहे. दर वेळी ते समंजस वाटते आणि दर वेळी त्यानंतर कुणी काही विचारत नाही.

मला हा वाद मुळातच चुकीच्या ठिकाणी उभा आहे असे वाटते. आजच्या मापाने मोजायचे की त्या काळच्या, असा प्रश्न टाकला की आपण एक गोष्ट गृहीत धरून बसतो: त्या काळाकडे एकच माप होते. तसे ते होते का? मी गेली काही वर्षे युरोपातल्या अशा धर्मगुरूंची आणि धर्मपंडितांची चरित्रे वाचतो आहे, ज्यांची नावे आपल्याकडे तर सोडाच, त्यांच्या स्वतःच्या देशातही फार लोकांना ठाऊक नसतात. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की मागच्या काळातल्या माणसाला त्याच्याच काळाच्या मापाने जरूर मोजावे, पण मग ते माप पुरते शोधावे. ‘तू करतोस ते चूक आहे’ असे त्याला त्याच्या हयातीत, त्याच्याच भाषेत, त्याच्याच धर्मग्रंथाचा आधार देऊन कुणी सांगितले होते का? सांगितले असेल, तर ऐकल्यावर त्याने काय केले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हातात असेल, तर आजची फूटपट्टी लागतच नाही.

जिनिव्हा शहरात शांपेल नावाच्या भागात, इस्पितळाजवळ, एक ओबडधोबड उभा दगड आहे. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्या परिसरात मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळले गेले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर, ही त्रैक्याची शिकवण त्याला मान्य नव्हती आणि तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणे त्याला चूक वाटत होते, हे त्याचे गुन्हे. ज्या पुस्तकासाठी तो जळाला त्याच पुस्तकात रक्त हृदयातून फुप्फुसांत जाऊन परत कसे येते याचे वर्णन आहे. युरोपातल्या छापील पुस्तकांत ते पहिल्यांदा तिथे आले. बरोबर साडेतीनशे वर्षांनी, १९०३ साली, ज्याच्या पुढाकाराने सर्व्हेटसवर खटला झाला त्या जिनिव्हाच्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या, जॉन कॅल्व्हिनच्या, अनुयायांनी प्रायश्चित्त म्हणून तो दगड उभारला. आपण आपल्या महान धर्मसुधारकाचे कृतज्ञ पुत्र आहोत, असे त्यांनी त्यावर कोरले. आणि पुढे, ‘जी चूक त्याच्या शतकाची होती’ तिचा आपण निषेध करतो, असेही. पूर्वजांच्या हातून झालेल्या हत्येबद्दल दगड उभारायला धैर्य लागते, आणि ते दाखवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. तरी त्या लेखातला ‘शतक’ हा शब्द मला सोसत नाही. वाचनालयातल्या गृहस्थांचे वाक्यच तिथे दगडात कोरलेले आहे.

कॅल्व्हिनच्या बाजूने जे बोलता येते ते आधी बोलून टाकतो, कारण ते थोडेथोडके नाही. शिक्षा ठोठावली ती जिनिव्हाच्या नगरसभेने; कॅल्व्हिन त्या वेळी त्या शहराचा नागरिकसुद्धा नव्हता, ते नागरिकत्व त्याला १५५९ मध्ये मिळाले. कॅथलिकांनीही सर्व्हेटसला सोडले नव्हते. फ्रान्समधल्या व्हिएन्न शहरात त्याला जाळण्याचाच निकाल लागला होता आणि तो तुरुंगातून निसटल्यामुळे त्यांनी त्याच्या पुतळ्यावर भागवले होते. जिनिव्हाने झुरिक, बर्न, बाझल आणि शाफहाउझेन इथल्या चर्चचे मत मागवले, तेव्हा सर्व्हेटस दोषी नाही असे एकानेही कळवले नाही. मेलँक्थनसारख्या सौम्य समजल्या जाणाऱ्या जर्मन धर्मसुधारकाने नंतर पत्र लिहून पसंती दिली. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, असे स्वतः कॅल्व्हिनने सुचवले होते. आणि या सगळ्यामागे एक समजूत होती, जिची आज आपल्याला खरी कल्पनाच येत नाही: पाखंड हा आत्म्याचा प्लेग आहे, तो एका माणसाला झाला की सगळे शहर अनंतकाळच्या नरकात जाऊ शकते, आणि जो राजा तो थोपवत नाही त्याला देव जाब विचारतो. असे मनापासून मानणाऱ्याला चिता ही दया वाटू शकते. एवढे समजून न घेता जो कॅल्व्हिनला नुसता क्रूर म्हणतो, त्याने सोळावे शतक वाचलेलेच नाही.

पण हे सगळे सेबास्टियन कास्टेलिओलाही ठाऊक होते. तोही त्याच शतकात जन्मला होता, कॅल्व्हिननंतर अवघ्या सहा वर्षांनी, १५१५ साली, साव्हॉयच्या मुलखातल्या एका खेड्यात. लिऑनला शिकला, लॅटिन-ग्रीकमध्ये तरबेज झाला आणि १५४० मध्ये स्ट्रासबुर्गला जाऊन चक्क कॅल्व्हिनच्या घरात राहिला. पुढे कॅल्व्हिननेच त्याला जिनिव्हाच्या शाळेचे मुख्याध्यापकपद मिळवून दिले. १५४३ मध्ये शहरात प्लेग आला आणि रुग्णांकडे जायला बरेच धर्मगुरू कचरू लागले, तेव्हा धर्मगुरूपदाची दीक्षा नसलेला हा शाळामास्तर जायला तयार झाला. ती दीक्षा मात्र त्याला मिळाली नाही. बायबलमधले ‘गीतरत्न’ हे प्रेमगीत आहे, असे त्याचे प्रामाणिक मत होते. ख्रिस्त नरकात उतरला या वचनाचा अर्थही तो वेगळा लावत होता. तेवढ्यावर त्याला नाकारले गेले. त्याच्या वर्तनात खोट नाही, केवळ या दोन मतभेदांमुळे नेमणूक होत नाही, असा दाखलाही त्याला देण्यात आला. असा दाखला देणारे लोक अडाणी किंवा अप्रामाणिक नसतात, हे मी मुद्दाम नोंदवतो. पुढे घडले ते म्हणूनच जास्त विचार करायला लावते.

जिनिव्हा सोडून तो बाझलला गेला आणि दारिद्र्यात पडला. ओपोरिनुस नावाच्या मुद्रकाकडे मुद्रिते तपासायची आणि उरलेल्या वेळात बायबलचे भाषांतर करायचे, असा त्याचा दिनक्रम. घरात खाणारी तोंडे बरीच होती. ऱ्हाईन नदीला पूर आला की वाहून येणारी लाकडे आकडीने ओढून काढून तो चूल पेटवत असे. पुढे वाद चिघळल्यावर कॅल्व्हिनने त्याच्यावर लाकूडचोरीचा आळ घेतला, आणि या विद्वानाला लेखी उत्तर द्यावे लागले की पुराचे लाकूड काढणे हे शहरात सर्रास चालणारे काम आहे, ते मी उघडपणे केले. मला हा तपशील विसरता येत नाही. एकीकडे त्रैक्य, पूर्वनियती, मोक्ष. आणि दुसरीकडे हातात आकडी घेऊन काठावर उभा असलेला, बायबल लॅटिनमध्ये आणणारा माणूस. ते लॅटिन बायबल १५५१ मध्ये निघाले. इंग्लंडचा बालराजा सहावा एडवर्ड याला ते अर्पण केलेले होते आणि प्रस्तावनेत धर्माच्या नावाखाली होणाऱ्या छळाविरुद्ध विनवणी होती. म्हणजे सर्व्हेटस जळण्याच्या दोन वर्षे आधीच कास्टेलिओचे मत ठरलेले होते. मित्र जळाला म्हणून तो पेटून उठला, अशी ही कथा नाही. सर्व्हेटसची मते तर त्याला पटतही नव्हती.

सर्व्हेटसला जाळल्यावर कॅल्व्हिनने फेब्रुवारी १५५४ मध्ये त्या कृत्याचे समर्थन करणारे पुस्तक छापले. पुढच्याच महिन्यात बाझलहून, मार्टिनस बेलियस या टोपणनावाने आणि माग्डेबुर्ग हे खोटे ठिकाण घालून, पाखंड्यांचा छळ करावा काय अशा अर्थाच्या मथळ्याचे एक पुस्तक बाहेर पडले. त्यात कास्टेलिओचे स्वतःचे लेखन थोडे आणि जमवलेली वचने पुष्कळ. वचने कुणाची? क्रिसोस्टम आणि जेरोम हे प्राचीन चर्चचे आचार्य, तसाच ऑगस्टिन, पण त्याच्या सुरुवातीच्या काळातला, आणि इरॅस्मस. पाखंड लोखंडाने तुटत नाही आणि आगीत जळत नाही, असे १५२३ मध्ये लिहिणारा ल्यूथर. आणि खुद्द कॅल्व्हिन, तो स्वतः परागंदा होता तेव्हाचा. काळाच्या मापाविषयी बोलणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांसमोर ठेवावी. कास्टेलिओने भविष्यातून कुठले तत्त्व उसने आणले नव्हते. कॅल्व्हिनच्या कपाटात जी पुस्तके होती तीच उघडून त्याने समोर मांडली. शेतात गव्हाबरोबर निदण उगवले तर चाकरांनी ते उपटू नये, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यावे, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातला दृष्टान्त दोघांनीही लहानपणापासून ऐकलेला होता. पाखंडी कोण याचा पुष्कळ शोध घेतल्यावर, ज्याचे मत आपल्याशी जुळत नाही त्याला आपण पाखंडी म्हणतो, एवढेच मला सापडले, असे कास्टेलिओ लिहितो. या वाक्यात १५५४ मध्ये न समजण्यासारखे काय होते?

कॅल्व्हिनच्या पुस्तकाचे मुद्देसूद खंडन त्याने त्याच वर्षी लिहून काढले. त्यातले एक वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितले ते सगळे क्षणभर थबकले: माणसाला मारणे म्हणजे सिद्धान्ताचे रक्षण करणे नव्हे, माणसाला मारणे म्हणजे माणसाला मारणेच. जिनिव्हाच्या लोकांनी सर्व्हेटसला मारले तेव्हा त्यांनी सिद्धान्त राखला नाही, एक माणूस मारला, असे तो पुढे म्हणतो. हे पुस्तक कधी छापले गेले? १६१२ मध्ये, हॉलंडात. लेखक जाऊन तोवर जवळपास अर्धशतक लोटले होते.

‘त्या काळी सगळेच तसे मानत’ हे मत कशावर उभे आहे, ते इथे दिसते. आपण त्या काळाविषयी जे वाचतो ते त्या काळी छापू दिलेल्या पुस्तकांतून. ज्याने नाही म्हटले त्याचे हस्तलिखित अडकले, जप्त झाले, कुणाच्या तरी पेटीत राहिले. आणि उरलेल्या पुस्तकांकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा, एकमत होते. ते एकमत तयार केलेले होते. त्यामागे मुद्रणावरचा पहारा होता, नोकऱ्या जाण्याची भीती होती, कॅल्व्हिनचा सहकारी बेझा याने पाखंड्यांना राज्यसत्तेने शिक्षा करावीच म्हणून लिहिलेला प्रतिग्रंथ होता. ज्यांनी आवाज दाबला त्यांनाच पुढे ‘आवाज नव्हता’ या सबबीचा फायदा मिळावा, हा कुठला न्याय?

याचे मला माहीत असलेले सर्वांत हृदयद्रावक उदाहरण कॉर्नेलियस लोस याचे आहे. हा मूळचा हॉलंडमधल्या गौडा गावचा कॅथलिक धर्मगुरू, आश्रयाला जर्मनीतल्या ट्रिअर शहरात आलेला. तिथे १५८० च्या दशकात चेटकिणींचे खटले इतके बोकाळले होते की डीट्रिश फ्लाडे नावाचा मोठा न्यायाधीश, विद्यापीठाचा एकेकाळचा कुलगुरू, तोही १५८९ मध्ये चेटक्या ठरून मारला गेला. लोसने लॅटिनमध्ये पुस्तक लिहिले: हे कबुलीजबाब छळातून निघालेले आहेत, जादूटोण्याने आकाशात उडणे वगैरे कल्पना आहेत. कोलोनला छपाई सुरू झाली आणि थांबवली गेली. हस्तलिखित जप्त झाले, लोस कैदेत पडला आणि मार्च १५९३ मध्ये गुडघे टेकून त्याला आपले प्रत्येक विधान मागे घ्यावे लागले. दोन वर्षांनी तो ब्रसेल्समध्ये वारला. पुढची जवळपास तीनशे वर्षे जगाला लोस कशातून माहीत होता? त्या माफीनाम्यातून. चेटकिणींच्या खटल्यांचा कडवा समर्थक डेल्रिओ याने इतरांना धडा मिळावा म्हणून तो आपल्या ग्रंथात छापून टाकला होता. मूळ पुस्तकाचा एक भाग १८८६ मध्ये एका अमेरिकन इतिहासकाराला ट्रिअरच्या ग्रंथालयात सापडला. तो सापडला नसता, तर लोस काय म्हणाला होता हे फक्त ‘मी असे म्हणालो ते चुकले’ या वाक्यांतून कळले असते. असे किती लोस असतील, ज्यांचा माफीनामासुद्धा कुणी छापला नाही?

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. अपवाद होते हे मान्य, पण अपवाद म्हणजे अपवाद. लाखांत एखादा कास्टेलिओ निघतो. तुम्ही प्रत्येकाकडून तसे असण्याची अपेक्षा करणार का? सामान्य माणसाला आपल्या भोवतालच्या हवेपलीकडचे दिसत नाही, तुम्हा-आम्हाला तरी कुठे दिसते? यात तथ्य आहे, आणि मला स्वतःला हा मुद्दा बराच काळ निरुत्तर करत असे. चिता पाहायला जमलेल्या जिनिव्हाच्या पिंजाऱ्याला किंवा दाईला मी दोष देणार नाही. त्यांच्यापर्यंत दुसरे मत पोचलेच नसेल. परंतु कॅल्व्हिनपर्यंत ते पोचले होते. त्याने कास्टेलिओ वाचला, त्याला उत्तरे दिली, बाझलमधली त्याची प्राध्यापकी जावी म्हणून खटपटी झाल्या. आणि आक्षेप एकट्या कास्टेलिओचा नव्हता. बर्नच्या सरकारी दप्तरातला वरिष्ठ अधिकारी निकोलाउस झुर्किन्डेन कॅल्व्हिनचा स्नेही होता. फेब्रुवारी १५५४ मध्ये त्याने कॅल्व्हिनला पत्र लिहून कळवले की श्रद्धेच्या बाबतीत तलवार जितकी कमी चालेल तितके बरे, आणि असे का वाटते तेही सांगितले: ऐंशी वर्षांची एक बाई आणि सहा लेकरांची आई असलेली तिची मुलगी, दोघींना केवळ बालबाप्तिस्मा मानत नाहीत म्हणून मारले गेले, हे त्याच्या डोळ्यांसमोर होते. झुर्किन्डेन कुणी तत्त्वज्ञ नव्हता, बंडखोरही नव्हता. कारभारी माणूस. त्याला दिसले ते पाहायला अलौकिक प्रतिभा लागत नव्हती.

म्हणून जबाबदारी सगळ्यांना सारखी वाटता येत नाही. ज्याने ऐकले नाही तो वेगळा, ज्याने ऐकून दुर्लक्ष केले तो वेगळा, आणि ज्याने ऐकून सांगणाऱ्याचे तोंड बंद केले तो अगदीच वेगळा. ‘काळाचे अपत्य’ ही सबब पहिल्याला पुरते. दुसऱ्याला अर्धीमुर्धी. तिसऱ्याला मुळीच नाही. कॅल्व्हिनने १५४६ मध्येच आपल्या मित्राला, फारेलला, लिहिले होते की सर्व्हेटस इथे आला आणि माझ्या शब्दाला काही वजन असेल, तर त्याला जिवंत जाऊ देणार नाही. हे शतक बोलत नव्हते. एक माणूस, स्वतःच्या अक्षरात, स्वतःचा निश्चय लिहीत होता.

दुसऱ्या वर्गातला माणूस तिथून कसा सुटू शकतो, हेही इतिहासात आहे. डिसेंबर १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर डॉमिनिकन या कॅथलिक संघातल्या अंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने प्रवचनात वसाहतवाल्या स्पॅनिश मालकांना तोंडावर विचारले, ही आदिवासी माणसे माणसे नाहीत काय? गव्हर्नरसह सगळे संतापले, शब्द मागे घ्या म्हणाले. पुढच्या रविवारी त्याने तेच अधिक कडक शब्दांत सांगितले. त्या बेटावर बार्तोलोमे दे लास कासास नावाचा धर्मगुरू होता, जो स्वतः आदिवासींच्या वेठबिगारीवर जगत होता. एका डॉमिनिकनाने त्या कारणाने त्याला पापनिवेदनही नाकारले. तरी त्याने वेठबिगार लगेच सोडली नाही. तीनेक वर्षांनी सोडली, आणि उरलेले अर्धशतक त्याच प्रश्नावर खर्ची घातले. शतक तेच, बेट तेच, धंदा तोच. मग शतकाने ठरवले काय?

इथे मला माझ्या बाजूची कमजोरीही सांगितली पाहिजे. अशी माणसे शोधताना आपण आपल्यासारखे दिसणारेच शोधतो आणि त्यांना संत करून टाकतो, हा आरोप खरा आहे. त्याच लास कासासने आदिवासींचे हाल थांबावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. त्याचा पश्चात्ताप त्याने नंतर लिहून ठेवला. कास्टेलिओने देवच न मानणाऱ्यांना तितकी मोकळीक दिलेली नाही. तो आजचा उदारमतवादी नव्हता आणि त्याला तसा रंगवणे हीसुद्धा एक फसवणूकच. पण त्यामुळे माझा मुद्दा ढासळतो का? मला तर तो बळकट झालेला दिसतो. ही माणसे भविष्यातून आलेली असती, तर त्यांच्यात त्या काळाचे दोष दिसले नसते. ते दिसतात, म्हणजे ती पुरती त्याच काळाची होती, त्याच अंधश्रद्धांत आणि त्याच भीतीत वाढलेली. तरी एका ठिकाणी त्यांना दिसले. मला साक्षीदार हवे आहेत, आणि साक्षीदार निष्कलंक असावा लागत नाही. तो घटनेच्या वेळी तिथे हजर असावा लागतो.

फ्रीडरिश श्पे तिथे होता. १५९१ मध्ये ड्युसेलडॉर्फजवळ जन्मलेला हा जेझुइट या कॅथलिक संघातला धर्मगुरू आणि कवी होता. त्याची भजने जर्मन चर्चमध्ये आजही म्हणतात. १६३१ मध्ये त्याचे लॅटिन पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय छापले गेले. विषय चेटकिणींचे खटले. पहिलाच प्रश्न, चेटकिणी खरोखर असतात का? उत्तर, असतात. इतका तो त्याच्या काळाचा होता. आणि मग पन्नास प्रश्नांतून तो खटल्याची सगळी यंत्रणा एकेक खिळा काढून मोकळी करतो. बाईचे चालचलन वाईट असेल तर ती चेटकीण, कारण वाईट बायकाच चेटूक करतात. चांगले असेल तरी चेटकीण, कारण चेटकिणी सोंग आणतात. पकडल्यावर घाबरली तर मन खाते म्हणून दोषी, घाबरली नाही तर निगरगट्ट म्हणून दोषी. छळात बोलली तर कबुली, गप्प राहिली तर सैतानाने जीभ धरली. सुटायची वाट कुठे आहे, असे तो विचारतो. आणि मग आपल्याच मंडळींकडे वळून सांगतो, जेझुइटांना, कॅपुचिनांना, कुणालाही छळाच्या यंत्रावर चढवा, तेही कबूल होतील. आपण सगळे चेटके ठरलो नाही याचे कारण एवढेच की आपला छळ झालेला नाही. लेखक कोण हे संघात लपून राहिले नाही. पाडरबोर्नमधले त्याचे अध्यापनही त्याच सुमारास गेले. १६३५ मध्ये ट्रिअरला, जिथे लोसने गुडघे टेकले होते त्याच शहरात, आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथ लागून तो वारला. वय चव्वेचाळीस. तत्त्वज्ञ लायब्निझने लिहून ठेवले आहे की योहान फिलिप फॉन श्योनबॉर्नने तरुणपणी श्पेला, तुमचे केस अकाली का पांढरे झाले, असे विचारले होते. ज्या बायकांना मी चितेपर्यंत सोबत केली त्यांच्यामुळे, त्यांतली एकही दोषी नव्हती, असे उत्तर त्याला मिळाले. तोच तरुण पुढे माइन्झचा सत्ताधारी आर्चबिशप झाला आणि त्याने आपल्या मुलखात हे खटले बंद केले.

वाचनालयातल्या पहिल्या वक्त्यालाही मला हेच सांगायचे होते. त्यांनी सगळे अत्याचार एका धर्माच्या खात्यावर टाकले. पण कास्टेलिओ, लोस, मोंतेसिनोस, श्पे हे सगळे त्याच धर्माचे उपदेशक किंवा पंडित होते आणि त्यांनी विरोध केला तो त्याच शास्त्राच्या आधारावर. धर्मालाच आरोपी केले की व्यक्ती सुटते. काळाला आरोपी केले तरी व्यक्तीच सुटते. दोन्ही वक्ते एकमेकांवर चिडले होते खरे, पण दोघांनीही एकाच आरोपीला मागच्या दाराने बाहेर काढले.

आणि गोव्याचे काय? १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले ते न्यायालय लिस्बनच्या मुख्य इन्क्विझिटरच्या अधिकाराखाली चालत असे. म्हणून त्या काळी हे सगळ्यांना मान्य होते की काय, याचे एक उत्तर पोर्तुगालमध्येच शोधावे लागते. तिथे अंतोनियो व्हिएरा हा जेझुइट होता, राजाचा सल्लागार, पोर्तुगीज भाषेतला फार मोठा वक्ता. ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवर ज्या रीतीने खटले भरले जात, निनावी साक्षी घेतल्या जात, मालमत्ता जप्त होई, त्याविरुद्ध तो अनेक वर्षे बोलला आणि लिहीत राहिला. इन्क्विझिशनने त्याच्या भविष्यकथनपर लेखनाचे निमित्त करून त्याला कोइंब्रात कैद केले. १६६५ ते १६६७ तो तिथे होता. सुटल्यावर तो रोमला गेला आणि तिथे त्याने थेट पोपच्या दरबारात बाजू मांडली. १६७४ मध्ये दहाव्या क्लेमेंट पोपने पोर्तुगीज इन्क्विझिशनचे काम स्थगित केले, आणि ते सात वर्षे स्थगित राहिले. व्हिएराने आफ्रिकी गुलामगिरीला तसा विरोध केला नाही, हाही त्याच्या चरित्राचा भाग आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण इन्क्विझिशनची कार्यपद्धती अन्याय्य आहे हे सतराव्या शतकात कुणालाच सुचू शकत नव्हते, असे जो म्हणतो त्याने सांगावे की पोपने ती कशासाठी थांबवली होती. १६८१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुन्हा सुरू करणाऱ्यांना तेव्हा आक्षेप ठाऊक होते, लेखी, कलमवार. गोव्यात ती १८१२ पर्यंत राहिली. त्या शेवटच्या सव्वाशे वर्षांचा हिशेब ‘काळ’ या खात्यावर कसा टाकायचा?

कास्टेलिओच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात यादवी पेटली, तेव्हा १५६२ मध्ये त्याने उद्ध्वस्त फ्रान्सला उद्देशून एक छोटे पुस्तक लिहिले. दोन्ही पक्षांना त्यात सांगितले, कुणाच्याही सदसद्विवेकावर बळजबरी करू नका. दोन्ही पक्षांनी ते झिडकारले. पुढच्या वर्षी त्याने शंका घेण्याच्या कलेवर ग्रंथ लिहायला घेतला: काय मानावे, कशाविषयी शंका घ्यावी, काय माहीत नाही म्हणून सोडून द्यावे. तो पुरा झाला नाही. पाखंडाच्या आरोपावरून बाझलच्या नगरसभेपुढे त्याची चौकशी सुरू झाली होती. ती चालू असतानाच २९ डिसेंबर १५६३ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या तीन पोलिश विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूसाठी स्मृतिशिला बसवली, ती पुढे नाहीशी झाली. शंकेवरचा तो ग्रंथ संपूर्ण छापून निघाला १९८१ मध्ये. शांपेलच्या दगडाच्या एका बाजूला सर्व्हेटसचे नाव आहे, दुसऱ्या बाजूला कॅल्व्हिनचे. कास्टेलिओचे नाव तिथे नाही.